क्रिएटिनिन 'नॉर्मल', तरी भावाच्या लघवीत अल्ब्युमिन कसं? (सिकलसेल आणि किडनी)

वैनगंगा_काठची

हा धागा 'आरोग्य'मध्ये टाकू की 'मदत हवी आहे'मध्ये, ठरेना. ॲडमिनना हलवायचा असेल तर हलवा.

माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. एसएस पॅटर्न, म्हणजे वाहक नव्हे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण. गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, मी नोकरीमुळे पुण्यात. आमच्याकडे सिकलसेल म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी ठाऊक: हातपाय-कंबर दुखणं आणि रक्त चढवणं. किडनीचं नाव मी तरी कधी ऐकलं नव्हतं. भाऊ पाचवीत असताना निदान झालं. तेव्हापासून फोलिक ॲसिड चालू आहे, गेली सहा वर्षं हायड्रॉक्सियुरिया (दुखणं कमी वेळा उठावं म्हणून देतात ती गोळी) हीसुद्धा. वर्षातून एकदोनदा दुखणं उठतं, सलाईन लागतं, आणि चार दिवसांनी पोरगं पुन्हा मोबाईल घेऊन बसतं.

दिवाळीत घरी गेले तेव्हा नागपूरच्या नव्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जुने रिपोर्ट मागितले. आमच्या आईचं दप्तर म्हणजे धानाच्या कोठीवरची एक पिशवी. ती पलंगावर उपडी केली आणि सगळे कागद तारखेप्रमाणे लावले. लावता लावता एक गंमत दिसली, म्हणजे तेव्हा गंमत वाटली. युरिन रुटीनमध्ये स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवी किती घट्ट, त्याचा आकडा) १.०१०. पुढचा रिपोर्ट, १.०१०. त्याच्या पुढचाही तोच. मे महिन्यातला, पावसाळ्यातला, सकाळचा, दुपारचा, सगळीकडे १.०१०. मला वाटलं, लॅबवाला न तपासताच छापतो की काय!

क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, जो किडनी गाळून टाकते) पाच वर्षांत असं आहे: ०.५, ०.५, ०.६, ०.६ आणि यंदा ०.९. प्रत्येकासमोर 'नॉर्मल'. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनासमोर दरवेळी 'निल'. आधीच्या डॉक्टरांनी (नाव लिहीत नाही, माणूस वाईट नव्हता) याच कागदांवर बोट ठेवून सांगितलं होतं, "किडनी एकदम फर्स्टक्लास आहे."

नव्या डॉक्टरांनी सकाळच्या पहिल्या लघवीची एसीआर (अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो) नावाची तपासणी लिहून दिली. रिपोर्ट आला १४०. त्याखाली छापलेली मर्यादा ३०.

आता पुढचा नमुना द्यायचा आहे. पण मला आधी हे समजून घ्यायचंय की लघवीत बुडवायच्या पट्टीवर 'निल' आणि इथे १४० हे एकाच माणसाचं कसं असू शकतं? आणि आम्ही इतकी वर्षं चुकीच्या कागदाकडे बघत होतो का?

अबोली_नाशिक

वाचतेय. आमच्याकडे नणंदेच्या मुलाला आहे.

टवाळ_कार्टा_२

ताई, पहिल्यांदा त्या लॅबवाल्याची माफी मागा. न तपासता छापणारा १.०१५ छापतो, मधला आकडा म्हणून. :)

किडनीवाला

टवाळ यांनी विनोद केलाय, पण मुद्दा खरा आहे. लॅबवाल्याने बरोबर तपासलंय. तो १.०१०च तुमच्या भावाच्या किडनीने दिलेला पहिला निरोप होता, फक्त कुणी वाचला नाही. मी नेफ्रॉलॉजीत काम करतो. तुमच्या भावाला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजून घ्या. निर्णय त्याच्या डॉक्टरांचाच.

किडनीचा आतला गाभा ही शरीरातली विचित्र जागा आहे. तिथे ऑक्सिजन कमी, मीठ जास्त, आम्लता जास्त. लघवी घट्ट करायचं काम तिथे चालतं, आणि त्यासाठी तसंच वातावरण लागतं. पण सिकलचं हिमोग्लोबिन नेमकं याच तीन गोष्टींनी बिघडतं. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि तिथल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तुम्ही झाडीपट्टीतल्या आहात म्हणून सांगतो: तलावाचं पाणी पाटाने सोडलं की टोकाच्या बांधीपर्यंत (धानाच्या वाफ्यापर्यंत) आधीच जेमतेम पोचतं. त्यात पाटात गाळ साचला की पहिली वाळते ती टोकाची बांधी. किडनीचा गाभा ही टोकाची बांधी आहे.

ही बांधी वाळायला लहानपणीच सुरुवात होते. मग लघवी घट्ट करता येत नाही. पाणी कमी प्यालं तरी लघवी पातळ आणि भरपूरच. तुमच्या-माझ्या सकाळच्या लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२० च्या वर सहज जाते. याची मात्र रात्रभर पाणी न पिताही १.०१० वरच अडकलेली. त्याला लहानपणी अंथरुणात लघवी व्हायची का, आणि किती वर्षांपर्यंत?

आता 'निल' आणि १४० चं कोडं. पट्टी मोजते ती लघवीतली अल्ब्युमिनची दाटी. तुमच्याकडे एसीआरचा पूर्ण रिपोर्ट असेल तर त्यात दोन आकडे वेगळे दिलेले असतील, अल्ब्युमिनचा आणि लघवीतल्या क्रिएटिनिनचा. ते टाका, हिशोब करून दाखवतो.

वैनगंगा_काठची

डॉक्टरसाहेब, अंगावर काटा आला. हो. आठवीपर्यंत. आईने जायफळ उगाळून दिलं, तीळगूळ दिला, एका बाबाचा ताईतही बांधला. बाबा ओरडायचे. आणि मी, मोठी बहीण, शेजारच्या पोरींसमोर चिडवायची त्याला.

रिपोर्ट: युरिन अल्ब्युमिन ४२ मिलिग्रॅम प्रति लिटर, युरिन क्रिएटिनिन ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर.

किडनीवाला

चिडवल्याचं मनाला लावून घेऊ नका, कुणालाच माहीत नसतं.

हिशोब असा. साधी पट्टी लिटरमागे साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन असल्याशिवाय रंग बदलत नाही. भावाचं ४२. म्हणून 'निल'. पट्टी खोटं बोलली नाही, पण तिला विचारला तो प्रश्नच चुकीचा होता. लघवी इतकी पातळ आहे की अल्ब्युमिन त्यात विरून गेलंय. दुधात पाणी घातलं म्हणून दूध कमी झालं असं होत नाही ना, तसं.

एसीआर हा पाण्याचा भाग वजा करतं. लघवीतलं क्रिएटिनिन ३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे लिटरला ०.३ ग्रॅम. ४२ भागिले ०.३, बरोबर १४०. दिवसभराची लघवी डब्यात न साठवता किती अल्ब्युमिन गळतंय याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० मध्यम गळती, ३०० च्या वर जास्त.

मला विचाराल तर या आजारात पट्टीवरच्या 'निल'वर विसंबणं म्हणजे रेडिओ बंद ठेवून बातमी नाही म्हणण्यासारखं आहे.

क्रिएटिनिनचं दुसऱ्या पोस्टमध्ये लिहितो, ओपीडीची वेळ झाली.

मुक्काम_पोस्ट

पेशंट एक, तपासण्या दहा. माझ्या आजोबांना सिकल होतं, गावात शिबिर झालं त्यात निघालेलं. ७४ वर्षं जगले, शेवटपर्यंत नांगर धरला, कोणी त्यांची लघवी तपासली नाही. आता एसीआर, उद्या आणखी काही. लॅबचा धंदा आहे हा.

लॅबवाला_भाऊ

मुक्कामभाऊ, लॅबचा धंदा करणारा मीच, म्हणून बोलतो. :) शहाद्यात आहे, आधी धडगाव भागात सरकारी कंत्राटावर होतो. भिल्ल, पावरा पाड्यांवर शिबिरं केलीत.

तुमच्या आजोबांची शिबिरात झाली ती बहुतेक सोल्युबिलिटी टेस्ट. नळीत रक्ताचा थेंब टाकायचा, मागे रेघा असलेला कागद धरायचा, रेघा दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. ही टेस्ट एवढंच सांगते की सिकलचं हिमोग्लोबिन आहे. वाहक की रुग्ण, ते तिला कळत नाही. दोघांचीही पॉझिटिव्हच येते. त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. ७४ पर्यंत नांगर धरणारे आजोबा माझ्या अंदाजाने वाहक, एएस पॅटर्न. वाहकाला बहुधा आयुष्यभर काही होत नाही. गावोगाव हाच घोळ आहे. वाहकाला लोक रुग्ण समजतात, त्याचं लग्न मोडतात. आणि खऱ्या रुग्णाला सांगतात, अमक्याच्या आजोबाला काही झालं का, मग तुला कशाला दवाखाना!

एसीआर महाग नाही. आमच्याकडे शुगरवाल्यांसाठी रोज होते. 'मायक्रोअल्ब्युमिन' म्हणून मागितली तर मात्र आधी विचारून घ्या, कारण काही ठिकाणी फक्त अल्ब्युमिनचा आकडा देतात, भागाकार करत नाहीत. पातळ लघवीत तो एकटा आकडा म्हणजे पुन्हा तीच फसवणूक. चिठ्ठीवर 'अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो' असं पूर्ण लिहून घ्या.

मुक्काम_पोस्ट

ओके. आजोबांचं कार्ड शोधतो. लॅबच्या धंद्याचं वाक्य निम्मं मागे.

झाडीपट्टीचा_मास्तर

अंथरुणाचं निघालंय म्हणून लिहितो. मी गडचिरोली जिल्ह्यात आश्रमशाळेत शिकवतो. कोणती ते लिहीत नाही.

आमच्या वसतिगृहात सातवीतला एक पोरगा होता. गादी ओली करायचा. अधीक्षकाने दोन उपाय काढले. एक, सकाळी सगळ्यांसमोर गादी त्यालाच वाळत घालायला लावायची. दोन, संध्याकाळी पाचनंतर त्याला पाणी बंद. पोराने स्वतःहून तिसरा काढला, दुपारपासूनच पाणी पिणं सोडलं. शाळेत नळावर बाकीची पोरं ओंजळीने पाणी पीत, हा उभा राहून बघायचा. मी तेव्हा विचारलं, "काहून पीत नाही बे?" तर म्हणाला, "मले तहान नाई, सर." ओठ फुटलेले होते त्याचे.

तिसऱ्या आठवड्यात रात्री पाय धरून ओरडायला लागला. पाठ, पाय, छाती. जीपने तालुक्याला नेला. सिकलचं दुखणं जोरात उठलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती पितो?" मी मान खाली घातली.

किडनीवाले साहेब, तुमची पोस्ट वाचली तेव्हा आत्ता कळलं की ते पोरगं पाणी जास्त प्यायचं म्हणून गादी ओली होत नव्हती. पाणी बंद करूनही लघवी पातळच येणार होती, आणि अंगातलं पाणी जाणार होतं. म्हणजे आम्ही त्याला कोरडा करत होतो.

आता मी एवढं केलंय की यादीत ज्यांच्यासमोर एसएस आहे त्यांच्या खाटा दाराजवळ, रात्री संडासाकडचा दिवा चालू, आणि वर्गात बाटली बाळगायची मुभा. अधीक्षक बदलले, नवीन बरे आहेत. पोरगा आता दहावीत आहे. गादी कधीमधी ओली होते अजून, पण बोलत कोणी नाही.

अबोली_नाशिक

मास्तर, नमस्कार तुम्हाला.

वैनगंगा_काठची

मास्तर, भावाला वाचून दाखवलं. काही बोलला नाही, उठून पाणी प्यायला गेला.

किडनीवाला

मास्तर, तुमची पोस्ट छापून ओपीडीत लावावी अशी आहे. दाराजवळची खाट हे मला कधी सुचलं नसतं.

आता क्रिएटिनिन. किडनीचा गाभा वाळत असताना बाहेरच्या भागातल्या गाळण्या उलट जास्तीचं काम करतात. लहानपणी आणि तरुणपणी सिकलसेलच्या रुग्णाची गाळण सर्वसामान्य माणसापेक्षा जास्त असते. त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन कमी. त्यात अंगावर मांस कमी, म्हणजे क्रिएटिनिन तयारच कमी होतं. शिवाय या रुग्णांच्या किडनीतल्या नलिका रक्तातलं क्रिएटिनिन जास्त प्रमाणात थेट लघवीत टाकतात. तिन्ही कारणं एकाच दिशेने ओढतात: आकडा दिसायला सुंदर.

रिपोर्टवर छापलेली मर्यादा धडधाकट माणसांवरून काढलेली आहे. ज्याचं नेहमीचं ०.५ आहे, त्याचं ०.९ होणं म्हणजे, गणितच करायचं तर, गाळण जवळजवळ निम्म्यावर येणं. थांबा, घाबरू नका. १८ ते २३ या वयात पोराच्या अंगावर मांस चढतं, त्याने आकडा थोडा वाढतोच. सगळी वाढ किडनीच्या नावावर टाकता येणार नाही. पण 'नॉर्मल' म्हणून पिशवीत ठेवून द्यावा असाही तो कागद नाही. सिस्टॅटिन-सी नावाची रक्ताची तपासणी असते, ती मांसावर फारशी अवलंबून नसते. शक्य असेल तर एकदा करून घ्या. आकड्याची तुलना छापील मर्यादेशी करू नका, त्याच माणसाच्या मागच्या वर्षीच्या आकड्याशी करा. तुम्ही पलंगावर कागद तारखेने मांडलेत तेच खरं निदान होतं.

आणखी दोन खुणा. रक्तदाब. या रुग्णांचा बीपी एरवी इतरांपेक्षा कमी असतो, तेव्हा भावाचा नेहमी १०५-११० असणारा वरचा आकडा १२८ झाला तर तो त्याच्यासाठी जास्तच आहे. दुसरी, हिमोग्लोबिन. नेहमी साडेआठला असणारं पोर काही कारण नसताना सातवर घसरलं, आणि कावीळ वाढलेली नाही, तर किडनीकडे बघा. रक्त तयार करायचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन किडनीतच बनतं.

वेळापत्रकाचं म्हणाल तर २०१४ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी लघवीतल्या प्रथिनाची तपासणी सांगितली. एक पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच शिक्का मारायचा नाही. ताप, क्रायसिस (सिकलचं दुखणं उठणं), लघवीचा संसर्ग, पाळी, आदल्या दिवशी कबड्डीची मॅच, यातल्या कशानेही आकडा वाढतो. बरं असताना सकाळची पहिली लघवी घेऊन तीन-सहा महिन्यांत पुन्हा करायची. सकाळचीच का? तर काही तरुण पोरांत दिवसभर उभं राहिल्याने थोडं प्रथिन गळतं, झोपल्यावर थांबतं. ते निरुपद्रवी असतं.

ओहायोचा_पाहुणा

इकडचं थोडं. अमेरिकेत २००६ पासून सगळ्या राज्यांत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची टाचेतून रक्त घेऊन सिकलसेलची तपासणी होते, म्हणून दहाव्या वर्षाची तपासणी शक्य होते. तिकडे पंधराव्या वर्षी निदानच झालं तर दहावं वर्ष कुठून आणणार?

दुसरं, इकडचे अभ्यास जसेच्या तसे विदर्भाला लावताना जपून. इकडचे बहुतेक रुग्ण आफ्रिकन वंशाचे. त्यांच्यात एपीओएल१ नावाच्या जनुकाचे दोन प्रकार आढळतात जे किडनी लवकर खराब करतात. ते भारतीयांत जवळपास नाहीतच. शिवाय आपल्याकडचा सिकल 'अरब-इंडियन' प्रकारचा, गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बरंच टिकून राहतं, त्यामुळे आजार सौम्य मानतात.

किडनीवाला

एपीओएल१ चं बरोबर. 'सौम्य' या शब्दाशी मात्र माझं भांडण आहे. नागपूर-चंद्रपूर-गडचिरोलीकडचे रुग्ण बघितले की तो शब्द गळ्याखाली उतरत नाही. सरासरी सौम्य असेल, पण माझ्यासमोर बसलेलं पोर सरासरी नसतं. आणि सौम्य म्हणून न तपासलेली किडनी तिशीत डायलिसिसला येते तेव्हा सौम्य काय राहिलं?

पिंपरीकर_बाबा

सिकलच्या धाग्यात थॅलेसेमियावाला घुसतोय, माफ करा. मुलगी १४ वर्षांची, थॅलेसेमिया मेजर, दर तीन आठवड्यांनी रक्त. आम्ही सिंधी, आमच्यात हा आजार बराच.

आमच्याकडे किडनीची भीती वेगळ्या दारातून येते. सतत रक्त चढवल्याने अंगात लोह साचतं, ते काढायला डेफेरासिरॉक्स देतात. रोज सकाळी गोळी ग्लासात विरघळवायची, प्लास्टिकच्या चमच्याने ढवळायची, तळाशी राहिलेलं पुन्हा पाणी घालून पाजायचं. ही गोळी किडनीला त्रास देऊ शकते, म्हणून दर महिन्याला क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन. मला सुरुवातीला कंटाळा यायचा, दोन महिने चुकवले एकदा. तिसऱ्या महिन्यात क्रिएटिनिन वाढलेलं, आठवड्याने पुन्हा केलं तरी वाढलेलं. डॉक्टरांनी डोस कमी केला, उतरलं. मला बोलले मात्र भरपूर.

एक महत्त्वाचं: जुलाब-उलट्या, ताप, खाणं-पिणं बंद, असं काही झालं की ही गोळी तशीच रेटू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून थांबवायची का ते विचारा. अंग कोरडं असताना ती जास्त बाधते. आम्हाला हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं.

किडनीवाला

बाबा, घुसलात ते बरं केलंत. थॅलेसेमियात गळती अनेकदा नलिकांची असते, त्यामुळे नुसतं अल्ब्युमिन बघून भागत नाही, एकूण प्रथिन बघतात. सिकलवाल्यांनीही लक्षात ठेवा, सारखं रक्त चढत असेल तर ही गोळी तुमच्याही वाट्याला येऊ शकते.

अबोली_नाशिक

एक विचारते. नणंदेचा मुलगा दुखायला लागलं की मेडिकलमधून डायक्लो आणतो. दिवसाला तीनतीन. त्याचं काय?

किडनीवाला

बंद. म्हणजे त्याच्या डॉक्टरांना विचारून पर्याय घ्या, पण मेडिकलमधून आणून स्वतःच खाणं आजपासून बंद. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नाव काहीही असो, ही सगळी भावंडं किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. टोकाच्या बांधीचं पाणी आणखी वळवल्यासारखं. त्यात क्रायसिसमध्ये पोर काही खात-पीत नाही, अंग आधीच कोरडं. मी पाहिलेल्या तरुण रुग्णांत 'दुखण्याची लाल गोळी' हा इतिहास इतक्यांदा निघतो की आता तो मी पहिला विचारतो. पॅरासिटामॉलने सुरुवात करा. दुखणं मोठं असेल तर दवाखान्यात ट्रामाडॉल, मॉर्फिनसारखी औषधं देता येतात. दुखणं सोसा असं मी अजिबात म्हणत नाहीये.

लॅबवाला_भाऊ

आमच्याकडे तर किराणा दुकानात सुट्या मिळतात त्या गोळ्या. बिस्किटासोबत.

मुक्काम_पोस्ट

आजोबांचं कार्ड मिळालं. एएस. लॅबवाले भाऊ जिंकले. मग मी काय करू? मला आणि पोराला तपासायचं का? वाहकाच्या किडनीला काही होतं?

किडनीवाला

तुमची आणि मुलाची एकदा एचपीएलसी करून घ्या, मुख्यतः पुढच्या लग्नांसाठी, कारण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर मूल रुग्ण होऊ शकतं. वाहकाला किडनीसाठी दरवर्षी तपासायची गरज सहसा नसते. एकच गोष्ट लक्षात असू द्या: लघवी कोकमाच्या सरबतासारखी लाल झाली, दुखत नसलं तरी, तर 'उष्णता झाली' म्हणून धने-जिऱ्याच्या पाण्यावर सोडून देऊ नका. बहुतेक वेळा ती गाभ्यातली छोटी इजा असते आणि आपोआप थांबते. पण वाहकांत, तेही तरुणांत, किडनीचा एक दुर्मिळ आणि वाईट कर्करोग होतो, त्यामुळे सोनोग्राफी तरी झालीच पाहिजे.

झाडीपट्टीचा_मास्तर

१ जुलै २०२३ ला शहडोलहून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची म्हणून. आमच्याकडेही टीम आली, चांगलं काम झालं, पोरांना कार्डं मिळाली. माझा आक्षेप एवढाच की कार्डावर एसएस लिहून दिल्यावर गाडी पुढे हलत नाही. ज्या पोराला दहा पूर्ण झाली त्याची वर्षातून एकदा लघवी कोण घेणार? आशाताई म्हणतात, आम्हाला सांगितलेलं नाही. आरोग्य केंद्रात पट्टी आहे, एसीआर नाही.

लॅबवाला_भाऊ

मास्तर, तालुक्याला जाणारी नमुन्यांची गाडी असते ना, तिच्यात पोरांचे डबे पाठवायला प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरांना भेटून बघा. शुगरवाल्यांचे जातात, तसेच हेही. पत्र द्या शाळेच्या लेटरहेडवर, तोंडी विचाराल तर नाहीच म्हणतील. आणि तालुक्याला पोर न्यायचं झालं तर सिकलसेलच्या रुग्णांना एसटी मोफत आहे, कार्ड सोबत ठेवा.

वैनगंगा_काठची

अपडेट देते, विचारणाऱ्यांचे व्यक्तिगत निरोप आले बरेच.

मधे भावाला दुखणं उठलं म्हणून दुसरा नमुना लांबला. बरं झाल्यावर तीन आठवडे थांबून दिला: १२६. म्हणजे गळती खरीच आहे. सिस्टॅटिन-सीवरून काढलेली गाळण क्रिएटिनिनवरच्यापेक्षा कमी आली, पण डॉक्टर म्हणाले अजून वाईट नाही, वेळेत सापडलंय. एनलाप्रिल (बीपीची गोळी, लघवीतली गळती कमी व्हावी म्हणून) चालू केलंय, अगदी लहान डोस. सुरू करायच्या आधी आणि दोन आठवड्यांनी पोटॅशियम-क्रिएटिनिन करायला लावलं, दोन्ही ठीक. कोरडा खोकला आला तर कळवा म्हणाले, दुसरी गोळी आहे. हायड्रॉक्सियुरिया चालूच, फक्त किडनीचे आकडे बघून डोस ठरवणार. दवाखान्यात आणखी एक मुलगी होती, नुकतं लग्न झालेली. तिला मात्र डॉक्टरांनी बजावलं की एनलाप्रिल चालू असताना दिवस राहता कामा नयेत, ठरवायचं असेल तर आधी येऊन सांग.

तीन महिन्यांनी एसीआर: ७४.

आईने पिशवी बदलली. आता फाईल आहे, तारखेप्रमाणे. ताईत तिने स्वतःच सोडला, का ते विचारलं नाही.

एक व्यावहारिक प्रश्न राहिला. गावात लॅब नाही. सकाळी साडेपाचला नमुना घेतला तर ब्रह्मपुरीला पोचेपर्यंत अकरा वाजतात. उन्हाळ्यात चालेल का?

लॅबवाला_भाऊ

चालेल. घट्ट झाकणाचा स्वच्छ डबा लॅबमधूनच आधी आणून ठेवा, औषधाची जुनी बाटली नको. निघेपर्यंत फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. जाताना थर्मासमध्ये किंवा बर्फाच्या पिशवीत. रात्री झोपण्याआधी लघवी करून झोपायला सांगा. तो रात्री उठतच असेल, तर पहाटे उठल्यावरची पहिली घ्या, चालते. आणि डब्यावर मोठ्या अक्षरात नाव-तारीख लिहा.

वैनगंगा_काठची

फ्रीजचं आईला आधी सांगून ठेवते. मागच्या वेळी तिने डबा उघडून वास घेतला होता, म्हणे ताकाचं पाणी कोणी ठेवलं.